राक्षशिणीनं नाक पुसलं

माझ्या काकाचं नाक एकदा राक्षशिणीनं पुसलं होतं. हे मी म्हणत नाही, तो स्वतः म्हणतो. लढाईच्या सालात, तो अगदी लहान असताना, बोहाड्यात देवीशी लढता लढता राक्षशीण मध्येच थांबली, सरळ गर्दीत आली, त्याचं नाक पुसलं आणि परत जाऊन देवीच्या हातून मेली. ही गोष्ट सांगताना काका छाती अशी काढतो, जसं काही जव्हारच्या दरबारनं त्याला फेटा बांधलाय. मी त्याची ही छाती आणि वर उचललेलं नाक दोन्ही करून दाखवतो. सगळं गाव हसतं. काका मला मारायला धावतो. तो माझ्यापेक्षा चार पावसाळे मोठा, त्यामुळं मी त्याला काका म्हणतो ते फक्त पळताना.

मला नकला येतात. जव्हारच्या शाळेत होतो तेव्हा मास्तर वर्गात यायच्या आधी मास्तरांचा आवाज यायचा, तो माझा. आमच्या पाटलांचा खोकला, दरबारच्या मोटारीचा भोंगा, मोखाड्याच्या बाजारात मीठ विकणारा, सगळे माझ्या गळ्यात राहतात. फक्त एका माणसाची नक्कल मला येत नव्हती. माझी आजी. ती गेली तेव्हा मी दुधाच्या दातांचा होतो. तिच्या हाताला राखेचा वास यायचा, एवढंच आठवतं, आणि वासाची नक्कल करता येत नाही.

त्या आजीला शोधायची पाळी आली, ती एका मुखवट्यामुळं.

आमच्याकडं होळी झाली की बोहाडा. सगळं गाव देवीसमोर मुखवटे घालून नाचतं. मुखवट्याला आम्ही सोंग म्हणतो, आणि प्रत्येक सोंग एकेका घराचं. पाटलांचा हत्ती, मुकादमाच्या घरचा वाघ, आमची राक्षशीण. बापाकडून पोराकडं मान जातो. नाचायचं बाप्यांनीच. बायांनी मुखवट्याला हातही लावायचा नाही. राक्षशीणसुद्धा बाप्याच, लुगडं नेसून. आणि नियम असा, की एक साल जरी सोंग खुंटीवर राहिलं, कुणी नाचवलं नाही, तर मान गेला. मग दुसऱ्यानं मागावं.

यंदा बोहाड्याच्या आधी सोंगं उन्हाला काढली होती. देवळाच्या अंगणात सगळी ओळीनं ठेवलेली, वाघ, हत्ती, मध्ये आमची राक्षशीण जीभ काढून. आजा तिच्या भुवया रंगवत बसला होता. तेवढ्यात मुकादम आला. हा काकापेक्षाही थोडा लहान, नुकताच जंगलाच्या कूपावर मुकादम झालेला. झाडं तोडणाऱ्यांवर ओरडायचं काम मिळाल्यापासून तो घरी पाणी मागतानाही ओरडतो. डोक्यावर टोपी. ती टोपी त्याला मोठी होती, त्यामुळं बोलताना त्याला हनुवटी वर धरावी लागायची.

"आजा, ह्या सोंगाचा मान यंदा बघायला लागंल."

"बघ की. माझ्या बापाचा, त्याच्या बापाचा."

"ते झालं आधीचं. लढाईच्या सालात तू कुठं होतास?"

"बसऱ्याला. दर्यापार, सायबाच्या पलटणीतल्या खेचरांची शेपटं बघत."

"आणि तुझा मोठा पोरगा?"

"तो माझ्या शेजारची शेपटं बघत."

मोठा पोरगा म्हणजे माझा बाप. तो आता वाडा गावाकडं लाकडाच्या वखारीवर असतो आणि मुळातच बोलत नाही, म्हणून ह्या गोष्टीतही तो काही बोलणार नाही.

"मग घरात बाप्या कोण होता?" मुकादमानं विचारलं.

"मी होतो!" काका म्हणाला.

"तुला तेव्हा लंगोटी तरी होती का रे?"

सगळे हसले. मीही हसलो, मग आजाकडं बघून थांबलो. मुकादम हनुवटी आणखी वर करून म्हणाला, "घरात बाप्या नाही. म्हणजे सोंग खुंटीवर. म्हणजे मान गेला. कुणी नाचलं असंल तर सांगा कोण ते."

आजाच्या हातातली काडी भुवईवरच थांबली. राक्षशिणीची एक भुवई रंगवलेली, एक कोरी. पाटील खोकले. "बाजार झाला की पंच बसतील. तोवर आजा, तू विचार कर."

घरी आल्यावर आजा आढ्याखालच्या खुंटीकडं बघत बसला. ह्याच खुंटीवर राक्षशीण फडक्यात गुंडाळून वर्षभर असते. आम्ही जेवायला बसलो की ती वर, आम्ही खाली. आमच्याकडं जमीन थोडी, तीही उतारावरची. गावात आमच्या घराला कुणी नावानं ओळखत नाही, राक्षशिणीचं घर म्हणतात. आजा हळूच म्हणाला, "ही गेली तर घर कुणाचं म्हणतील?"

मी विचारलं, "आजा, खरंच कोण नाचलं?"

"मी बसऱ्याला होतो."

"आजीनं काही सांगितलं असंल की."

"मी बसऱ्याला होतो."

"भाकर वाढू का?"

"मी बसऱ्याला..." इथं तो थांबला आणि भाकर घेतली.

आता मी शाळा शिकलेला. शाळेत आम्हाला इतिहास होता. त्यात राजे होते, लढाया होत्या, तह होते. लढाईला गेलेल्यांच्या घरी भाकर कोण भाजत होतं, हे मास्तरांनी कधी विचारलं नाही आणि आम्हीही नाही. आता मला तेवढंच पाहिजे होतं, आणि ते माहीत असलेलं एकच माणूस मला ठाऊक होतं. जामसरला आजीची धाकटी बहीण राहते, तिलाही मी आजीच म्हणतो. मी दुसऱ्याच दिवशी निघालो.

ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मला बघून म्हणाली, "आला का माकड? कुणाचं तोंड करून आलास?"

"तुझ्या बहिणीचं करायला आलोय. येत नाही. शिकव."

"आज बरी आठवण झाली मेलेल्या माणसाची!"

पण बसली. मला माहीत आहे, म्हाताऱ्या माणसाला नुसतं विचारलं तर ते म्हणतं, काय आठवतंय आता. पण त्याच्यासमोर चुकीची नक्कल केली तर ते गप्प राहूच शकत नाही. मी मुद्दाम बारीक, गोड आवाज काढला. "अगं बाय, ये गं, बस गं."

"हॅ! ती अशी बोलायची? ती बोलली की कोंबड्या कुंपणावर चढायच्या. पोटातून काढ."

मी पोटातून काढला. तिची एक कोंबडी खरंच उठली.

"आता जवळ आलास. आणि बोलताना हात रिकामे ठेवू नको. तिचे हात कधी रिकामे नव्हते."

मग ती सांगत गेली आणि मी करत गेलो. बाप्ये बसऱ्याला गेले तेव्हा आजीकडं एक आंधळी सासू, एक लहान पोर आणि उताराचं रान. तिनं एकटीनं पालापाचोळा पसरून राब भाजला, नागली लावली, वरई लावली. पावसात रानातून कडूकंद खणून आणायची, कापून रात्रभर ओढ्याच्या पाण्यात ठेवायची, कडूपणा गेला की उकडायची. लाकडाची मोळी घेऊन जव्हारच्या बाजारात जायची. सासू विचारायची, आज काय गं कालवण? ही म्हणायची, मासे. आणि मग सासूच्या ताटात कडूकंद वाढून वर म्हणायची, आज मासे जरा कडक निघाले.

"सासू काय म्हणायची?"

"म्हणायची, काटे नाहीत, बरं झालं."

मी हे करून दाखवलं, सासू आणि सून दोन्ही. म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाली, "आणि बोहाड्याची सुपं. ती मिळाली म्हणून तर आगोटीपर्यंत, पाऊस लागेपर्यंत, चूल पेटली."

मी सरळ बसलो. सुपं म्हणजे सोंगाचा वाटा. बोहाडा झाला की ज्यानं सोंग नाचवलं त्याच्या घरी गावातलं प्रत्येक घर एक सूप नागली टाकतं. नाचलं नाही तर सूप नाही.

"आजी, सुपं मिळाली म्हणजे कुणीतरी नाचलं."

"मला काय माहीत? मी जामसरची."

"तू बोहाड्याला आली नव्हतीस?"

"आले की. सोंग बघितलं. आत कोण ते कुणी बघतं का?" ती एकदम फुलं चाळायला लागली. मग जरा वेळानं म्हणाली, "तू चालतोस ते चुकतंय. तिची चाल अशी नाही. ऊठ. हे धर कडेवर."

तिनं एक करडू उचलून माझ्या डाव्या कडेवर ठेवलं. करडानं लगेच माझा कान खायला घेतला. "हां, आता कंबर बाहेर काढ. पोर निसटंल ना! डावा हात असा, खालून. उजवा हात मोकळा, काम करायला. आता पाय टाक. जड टाक. तिच्या डोक्यावर मोळी पण असायची."

मी अंगणातून चाललो. डावी कंबर बाहेर, डावा हात वाकडा, उजवा हात हवेत, पाय दणादण. एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि मी थांबलो. ही चाल मला येत होती. मी लहानपणापासून करत होतो. गावातलं प्रत्येक पोर करतं. ही आमच्या राक्षशिणीची चाल.

आमच्याकडं राक्षशीण अशीच नाचते. डावा हात वाकडा का, असं कुणी विचारलं तर मोठी माणसं सांगतात, तिच्या हातात ढाल आहे. दिसत नाही, कारण ती मायावी आहे. आम्ही सगळे ही ढाल मानत आलो. ती ढाल म्हणजे माझा काका होता.

"आजी," मी म्हणालो, "पण नाचताना पोर कुठं होतं?"

"गर्दीत, शेजारणीकडं. रडत होतं. नाक गळत होतं." म्हातारीनं करडू माझ्याकडून काढून घेतलं. "मुखवटा घातला म्हणून आईचे कान बंद होतात का? पण मी काही बोलले नाही हां. मी जामसरची."

परत येताना सगळी वाट मी त्याच चालीनं आलो. समोरून येणारे लोक बाजूला होत होते. पण गाव जवळ आलं तशी माझी चाल साधी झाली. कारण आता घोटाळा असा, की गप्प बसलो तर सोंग खुंटीवर राहिलं म्हणून मान जाणार, आणि खरं सांगितलं तर बाईनं मुखवटा घातला म्हणून जाणार. मुकादम दोन्हीकडून टोपी उडवणार.

आधी काकाला सांगितलं. मला वाटलं त्याला आनंद होईल. त्यानं नाकाला हात लावला.

"म्हणजे माझं नाक आयनं पुसलं?"

"हो."

"राक्षशिणीनं नाही?"

"अरे, तीच राक्षशीण."

"आया काय, सगळ्यांचीच नाकं पुसतात," काका म्हणाला आणि तोंड फिरवून झोपला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

बाजार झाला, पंच बसले. देवळाच्या अंगणात बाप्ये पुढं, बाया मागं भिंतीला टेकून, त्यात मुकादमाची आई तंबाखू मळत. राक्षशीण एकाच भुवईनं सगळ्यांकडं बघत होती. पाटील म्हणाले, "आजा, सांग. कोण नाचलं?"

आजा अंगणातल्या उंबराच्या शेंड्याकडं बघायला लागला. त्याचं तोंड उघडलं, आणि मला कळलं की आता तो बसरा म्हणणार. म्हणून मी उठलो.

"मी करून दाखवतो," मी म्हणालो. बोलून सांगितलं असतं तर फसलो असतो. नक्कल करताना मी फसत नाही.

आधी मी आजा नाचतो तशी राक्षशीण केली. डावी कंबर बाहेर, डावा हात वाकडा. "ही कुणाची चाल?"

"राक्षशिणीची," पोरं ओरडली.

"हातात काय?"

"ढाल!"

मग मी पाटलांचा नातू उचलला. गुटगुटीत, नाक वाहणारा, कामाला अगदी योग्य. त्याला त्या वाकड्या हातात ठेवलं. ढालीच्या जागी तो असा बसला, जसं उखळात मुसळ. डोक्यावर एक टोपली घेतली आणि पोटातून ओरडलो, "अगं ए, सरका गं, भाकऱ्या थापायच्यात मला!"

आधी मागच्या बाया हसल्या. मग एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हातारी तोंडावर पदर धरून म्हणाली, "बाय बाय बाय. उठून आली का काय?"

मुकादमाला कळायला वेळ लागला, पण कळलं. तो टोपी सावरत उभा राहिला. "म्हणजे बाईनं सोंग घातलं! पंच, ऐका! हे तर खुंटीवर राहण्यापेक्षा वाईट! बाटलं सोंग! मान गेलाच!"

आजाची मान खाली गेली. पाटलांचा नातू माझ्या कडेवर निवांत होता.

"बस खाली," मुकादमाची आई म्हणाली.

"आये, तू बाप्यांच्या मध्ये बोलू नको."

"बस म्हणते ना! लढाईत तुझा बाप कुठं होता?"

"बसऱ्याला."

"मग आपला वाघ कोण नाचला?"

मुकादमाची हनुवटी खाली आली. त्याबरोबर टोपी डोळ्यांवर आली.

म्हातारी तंबाखू तोंडात टाकून सावकाश म्हणाली, "त्या साली वाघानं उडी मारली नाही. सगळी पोरं रडली, वाघ उडी का मारत नाही म्हणून. कशी मारणार? तू पोटात होतास. आठवा महिना."

अंगणात असा हशा उठला की झाडावरचे कावळे उडाले. काका हसला, दोन दिवसांनी पहिल्यांदा. "म्हणजे मुकादम, तूपण नाचलायस की!"

"सुपं आली त्यावर तू जन्मलास," त्याची आई म्हणाली. "देवी कोपायची असती तर तुझ्यावरच कोपली असती. कोपली का? डोकं जरा लहान राहिलं, टोपी बसत नाही, तेवढंच."

पाटील गंभीर होऊन खोकले. "बरं बरं. एक-दोन घरांत तशी अडचण झाली असंल..."

"पाटील," म्हातारी म्हणाली, "तुमचा हत्ती."

पाटलांचा खोकला अर्धा आत, अर्धा बाहेर राहिला.

"पुढचे पाय तुमची आय, मागचे पाय तुमची आत्या. आणि नणंद-भावजयीचं तेव्हा बोलणं बंद. हत्ती देवळापाशी आला, पुढचे पाय डावीकडं गेले, मागचे उजवीकडं. सोंड एकीकडं, शेपूट एकीकडं. आठवतं का गं?"

आठवतं का म्हणजे! भिंतीजवळच्या सगळ्या म्हाताऱ्या एकदम बोलायला लागल्या. कुणी अस्वल होती, कुणी सांड होती, एक तर स्वतःच दैत्य होती आणि देवी झालेल्या स्वतःच्या सासूकडून मेली होती. "खरंच मारलं हो तिनं, तलवार लाकडाची पण जीव लावून." त्या सालात गावात बाप्ये उरले होते ते ढोल वाजवणारे चार म्हातारे आणि लंगोटी नसलेला माझा काका. तरी एकही सोंग खुंटीवर राहिलं नव्हतं. एकीलाही सूप सोडून चालणार नव्हतं.

"मग इतकी सालं बोलला का नाहीत?" पाटलांनी विचारलं.

"तुम्ही आलात, सोंगं मागितलीत, आम्ही दिली. तुमच्या बसऱ्याच्या गोष्टी संपतील तेव्हा बोलणार ना!" मग मुकादमाची आई आजाकडं वळली. "हा परत आला आणि पहिल्या साली नाचला, तर सगळे म्हणाले, यंदा राक्षशीण बाप्यासारखी दिसते. दुसऱ्या साली मात्र चांगला नाचला. कुणी शिकवलं देव जाणे."

आजा परत उंबराचा शेंडा बघायला लागला.

पाटलांनी मुकादमाकडं बघितलं, मुकादमानं टोपीच्या आतून पाटलांकडं बघितलं असावं. आमचा मान गेला तर वाघाचा जातो, हत्तीचा जातो, देवीसुद्धा उघडी पडते. बोहाड्यात उरतो फक्त ढोल. पाटील इतके भराभर बोलले की मला अजून ती नक्कल नीट जमत नाही. "कुणाचा मान गेलेला नाही, सोंगं ज्याची त्याच्याकडं, उठा, कामं पडलीत."

आजा उठला, राक्षशिणीजवळ गेला आणि तिची दुसरी भुवई रंगवली. मग मुखवटा माझ्या हातात दिला. "यंदा तू."

"काका मोठा आहे की."

"त्याला कंबर नाही."

शेवटच्या दिवशी ऊन वर आल्यावर देवीची लढाई होते. मी लुगडं नेसून, मुखवटा घालून उतरलो. मुखवट्याच्या आत घामाचा, जुन्या रंगाचा वास. मला वाटलं थोडा राखेचाही येईल, पण आला नाही. संबळ वाजत होता. मागून म्हाताऱ्या ओरडत होत्या, "कंबर काढ! अजून काढ! पोर पडंल!" आधी त्या नुसत्या बघायच्या. यंदा प्रत्येक सोंगाला त्या ओरडत होत्या, आणि हत्तीला तर जास्तच.

देवी तलवार घेऊन समोर आली. मी दोन वार चुकवले, आणि मला गर्दीत काका दिसला. हाताची घडी घालून, अजून जरासा रुसलेला. मी लढाई सोडली. सरळ त्याच्याकडं गेलो, कडेवर पोर असल्यासारखा, जड पावलं टाकत. लोक बाजूला झाले. मी लुगड्याचा पदर धरला आणि सगळ्या गावासमोर त्या मिशीवाल्या माणसाचं नाक पुसलं.

मला वाटलं मारेल. तो हलला नाही. त्यानं डोळे मिटून नाक थोडं पुढं केलं. मग मी परत गेलो आणि देवीच्या हातून मेलो.

घरी येऊन लुगडं सोडत होतो तर आजा म्हणाला, "चाल बरी होती. नाक चुकलं."

"नाकात काय चुकायचं?"

"पदराच्या काठानं पुसलंस. काठ टोचतो. तिनं आतल्या बाजूनं पुसलं होतं, मऊ बाजूनं."

"तुला काय माहीत? तू तर बसऱ्याला होतास."

आजा मुखवटा फडक्यात गुंडाळत होता. गाठ मारून त्यानं तो खुंटीला अडकवला.

"मला नाच शिकवला तेव्हा," तो म्हणाला, "पुसून दाखवलं होतं तिनं."